मानूस कोनाचा

शालिकरामनं दुर्गच्या बाजारातून काळी छत्री आणली आणि टोळीनं त्याच्याशी मोकळं बोलणं सोडलं. आता छत्रीचा बिचारीचा काय दोष? पण मातीकामाच्या माणसानं चैत्राच्या उन्हात डोक्यावर छत्री धरायची, आणि तीही खड्ड्याच्या काठावर उभं राहून, म्हणजे खाली घाम गाळणाऱ्यांना दुसरं काय सांगणं झालं? मी आता तुमच्यातला नाही, हेच ना!

"ठेकेदारजी, छत्री उलटी करा ना, माती भराले कामी येईन," मैनाबाई पहिल्याच दिवशी खालून ओरडली.

सगळे हसले. शालिकरामही हसला. पण दुपारी तो डबा घेऊन पळसाखाली गेला, तेव्हा गोल करून बसलेल्या माणसांतलं कोणी सरकलं नाही. तो जरा वेळ तसाच उभा राहिला. मग कोणी न विचारता म्हणाला, "मले भूक नाई अजून," आणि पलीकडे सिमेंटच्या पोत्यांच्या थप्पीआड जाऊन बसला. भूक तर सकाळपासूनच लागली होती. भात आणि लाखोळीची डाळ त्यानं एकट्यानं खाल्ली, आणि मग रोजची त्याची जागा तीच झाली.

भिलाईत तेव्हा कारखान्याचे पाये खोदणं चालू होतं. बघावं तिकडं उपसलेला मुरूम, लाल धूळ, ट्रकांची घरघर. रशियन साहेब लालबुंद तोंडानं नकाशे बघत हिंडायचे. पायाखोदाईची कामं बाहेरच्या कंपन्यांनी घेतली होती, आणि तशाच एका कंपनीकडे शालिकरामची टोळी होती. टोळी सगळी एका गावची, आमगावच्या पुढची. फकिरा सगळ्यांत वडील. त्याची बायको मैनाबाई घमेली वाहायची. तोंडानं फाटकी, पण कोणाचं लेकरू रडलं की आधी तीच धावायची. भैयालाल म्हणजे शालिकरामचा साळा, त्याच्या बायकोच्या, मनकर्णेच्या पाठचा भाऊ, नुकतं मिसरूड फुटलेला, लग्न ठरत आलेलं. बाकीचे गावचेच भाऊबंद. जामुलच्या रस्त्याला टिनाच्या आणि पळसाच्या फांद्यांच्या झोपड्या घालून सगळे राहत होते.

शालिकराम सालदाराचा पोरगा, आणि भिलाईला येईपर्यंत स्वतःही सालदारच. त्यांच्या गावाकडे अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी सालदाराचं वर्ष फिरतं. मालकाच्या ओसरीवर पोटभर जेवण मिळतं, मालक पुढं विडा ठेवतो, आणि तो उचलला की पुढच्या अक्तीपर्यंत माणूस मालकाचा. पहाटे गोठ्यापासून रात्री बैलांच्या वैरणीपर्यंत मालक म्हणेल ते करायचं. आजारी पडला तर मालक खाडा धरतो, शिव्या देतो, पण वैद्यही तोच आणतो. शालिकरामचा बाप मालकाच्याच गोठ्यात मेला. मालकानं सरणाला लाकडं दिली. गाव म्हणालं, मालक देवमाणूस आहे. शालिकरामला मात्र ती लाकडं जन्मभर खुपली. आपला बाप जळला तोही दुसऱ्याच्या लाकडांवर, हे त्याच्या मनातून गेलं नाही.

आणि त्याच गावात गुत्तेवाले यायचे. शेताचे धुरे बांधायचा, विहीर खणायचा गुत्ता म्हणजे ठेका घ्यायचे. स्वतःची टिकास-कुदळ, स्वतःचे बैल. मालकासमोर खाटेवर बसून बोलायचे, पटलं नाही तर उठून चालू लागायचे. सालदाराला 'अबे' आणि गुत्तेवाल्याला 'या जी'. शालिकराम गोठ्याच्या दारातून हे बघत बघत मोठा झाला.

म्हणून कंपनीच्या मुनशीनं, शामसुंदरनं, त्याला बोलावून खुर्चीवर बसवलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. खुर्चीवर तो पहिल्यांदाच बसत होता. पाठ टेकवायची की नाही तेही कळेना. मुनशीनं कपबशीतून चहा दिला. म्हणाला, "शालिकराम, तेरे आदमी बढिया काम करते हैं. आज से तू नौकर नहीं, ठेकेदार है. आदमी तेरे, काम तेरा. हम तेरेको मापावर पैसे देणार, तू त्यांना दे, तुझी आडत तू ठेव."

ठेकेदार! शालिकरामनं कपातला चहा बशीत ओतायचंही भान ठेवलं नाही, तोंड पोळलं. जिथं दाखवलं तिथं त्यानं वाकडीतिकडी सही केली. हा कसा विडा आहे, आणि उचलला की कोण कोणाचं होणार, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. गावात गुत्तेवाला मोठा, सालदार लहान. इथंही तसंच असणार, असं त्यानं धरलं. त्याच्या जागी त्याच्या गावचा कोणीही असता तरी हेच धरून चालला असता.

घरी मनकर्णेला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढून वळली. "म्हंजे आता करा काय लागते तुमाले?"

"कराचं काय? मी कोनाचा नौकर नाई आता."

"मंग भोंगा झाला का कायले धावून राहिले?"

बायका अशा ऐन वेळी काहीतरी विचारतात. शालिकराम पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेला.

पण बदललं काय होतं खरं तर? फावडे कंपनीच्या गोदामातले, दांड्यावर कंपनीचा डाग. सकाळी भोंगा कंपनीचा. कुठं खणायचं, किती खोल, कड कशी तासायची, सगळं सुपरवायझर सांगणार. आधी तो टोळीला सांगायचा. आता तो शालिकरामला सांगायचा आणि शालिकराम छत्रीखालून तेच टोळीला ओरडून सांगायचा, जणू आपल्याच मनातलं. फकिरादादाला तो नुसतं 'फकिरा' म्हणायला लागला. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा म्हाताऱ्यानं मान वर करून बघितलं आणि पुन्हा टिकास मारली.

एकदा जामुलच्या बाजूला बरं काम निघालं होतं. शालिकराम मुनशीला म्हणाला, थोडे दिवस टोळी तिकडं नेतो. मुनशी हसला. म्हणाला, "ले जा. मग झोपड्या पण उचल कंपनीच्या जागेवरून." शालिकराम परत आला. टोळीला सांगितलं, ते काम बेकार होतं.

चैत्र निम्मा सरला आणि खड्डा माणसाच्या डोक्यावर दोन माणसं उभी राहतील इतका खोल गेला. वरचा मुरूम संपून खाली काळी माती लागली. उन्हानं ती भेगाळत होती. सुपरवायझर येऊन म्हणाला, कड सरळ उतरवा, उतार ठेवू नका, जागा नाही. शालिकरामनं छत्री सावरली आणि खाली ओरडला, "कड सरळ तासा गा!"

फकिरानं टिकास खाली ठेवली. "शालिक, हे माती सरळ राहाची नाई. उतार ठेवाच लागते."

"सांगतलं तितकं कर."

"अरे, ढासळन ना बापा! तुले नाई दिसून राहिलं का? तू बी तं विहिरी खंदल्या."

दिसत होतं. न दिसायला काय झालं होतं! पण काठावर सुपरवायझर उभा, खाली सगळी टोळी मान वर करून बघते आहे, आणि म्हातारा सगळ्यांदेखत 'अरे' म्हणतो आहे. शालिकरामच्या कानशिलांत रक्त चढलं.

"ठेकेदार कोन आहे इथं? तू का मी? नसन कराचं तं निंघ. उद्यापासून येऊ नोको कामावर!"

खड्ड्यात सगळे थांबले. फकिरानं पागोट्यानं तोंड पुसलं, टिकास उचलून कडेला नीट टेकवून ठेवली आणि शिडीनं वर आला. मैनाबाई घमेलं टाकून त्याच्या मागं निघाली आणि शालिकरामच्या पुढ्यात थुंकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनशीनं शालिकरामला बोलावलं. या वेळी खुर्ची नव्हती. उभ्या उभ्या, गोदामातल्या पोऱ्यादेखत, मुनशी तडकला. "क्यों बे, आदमी निकालने का तेरेको किसने बोला? आधीच माणसं कमी आहेत. तू कोण काढणारा? मेरे से पूछा था?"

"तुमीच तं म्हटलं होतं जी, आदमी माझे म्हनून."

"ज्यादा होशियारी मत कर." मुनशीनं पोऱ्याला हाक मारली. "जा रे, त्या बुढ्याला बोलावून आण. बोल, ठेकेदारानं बोलावलं आहे."

शालिकराम छत्री मिटून दारात उभा राहिला. छत्रीच्या टोकानं जमीन उकरत राहिला. बाप गोठ्यात असाच उभा राहायचा, मालक बोलत असताना, पायाच्या अंगठ्यानं शेण उकरत.

फकिरा आला. बिनबोभाट खड्ड्यात उतरला. दुपारी सिमेंटच्या थप्पीआड शालिकराम डबा उघडत होता, तर म्हातारा समोर येऊन उभा. हातात पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात तेंदूची पिकलेली टेंभरं.

"मैनेनं आनले सकाळी. घे. गोड आहेत."

शालिकरामनं डबा खाली ठेवला.

"रागात मानूस बोलते," फकिरा म्हणाला. "पन तू बोलावलं ना परत. मी मैनेले म्हटलं, शालिक मनाचा वाईट नाई. आपला तो आपलाच असते."

खरं सांगायची ती वेळ होती. दादा, मी नाही बोलावलं, एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. पण इतक्या दिवसांत कोणी त्याच्याजवळ येऊन बसलं नव्हतं. त्यानं टेंभरं खाल्ली आणि बिया बाजूला काढून ठेवल्या. फकिरा थोडा वेळ उकिडवा बसून राहिला, बिडी ओढली आणि गेला.

त्यानंतर पुष्कळ दिवस झाले नव्हते. दुपारचं ऊन असं की टिकासाचं लोखंड हाताला चटका द्यायचं. भैयालाल कडेच्या तळाशी वाकून माती भरत होता. फकिरानं वर बघितलं आणि ओरडला, "हट! भैया, हट!"

आवाज मोठा झालाच नाही. माती नुसती बसल्यासारखी खाली आली. भैयालाल मागं उडाला, पण एक पाय आत राहिला, कमरेपर्यंत ढेकळं. शालिकरामनं छत्री फेकून दिली आणि शिडी न धरताच खाली उडी घेतली. हातांनीच माती उपसायला लागला. फावडा लागेल म्हणून कोणी फावडा घेईना. सगळ्यांनी हातांनीच उपसली. मैनाबाई पोराचं डोकं मांडीवर घेऊन "काई नाई होत बापा, काई नाई होत," असं एकसारखं म्हणत होती. पाय निघाला तेव्हा गुडघ्याखाली तो भलत्याच बाजूला वळला होता. भैयालाल ओरडला नाही. "भाऊजी, पानी," इतकंच म्हणाला.

चादरीच्या झोळीत घालून त्याला कंपनीच्या दवाखान्यात नेलं. कंपाउंडर दारात आला. पायाकडे बघितलं, तोंड वाकडं केलं, आणि विचारलं, "मानूस कोनाचा?"

"कंपनीचा," फकिरा म्हणाला.

"कोणत्या हजेरीवर?"

"शालिकरामच्या टोळीत आहे जी."

"मंग ठेकेदाराचा झाला. इथं कंपनीच्या मानसायले पाहतात. ठेकेदाराच्या मानसाले ठेकेदारानं पाहाचं."

सगळे शालिकरामकडे बघायला लागले. अंगभर माती, नखांतून रक्त, पायात चप्पल नाही. कंपाउंडरला खरं वाटेना. "तू? तू ठेकेदार?"

शालिकरामनं मान हलवली. नाही कसं म्हणणार? सही त्याचीच होती.

भाड्याच्या बैलगाडीतून दुर्गच्या सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत सूज मांडीपर्यंत चढली होती. रस्ताभर मनकर्णा भावाच्या पायावर पदराची सावली धरून बसली. कोणीतरी खड्ड्यातून आणून छत्री गाडीत टाकली होती. शालिकरामनं ती उघडून भैयालालवर धरली तेव्हा मनकर्णेनं ती बाजूला सारली आणि पदरच धरून ठेवला. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोलेनाशी झाली. जेवण वाढायची, पाणी ठेवायची, पण शब्द नाही. झोपडी ती केवढी, हात लांब केला तर दोन्ही भिंती लागतील. त्यात दोन माणसं न बोलता राहायची म्हणजे जीव नकोसा होतो. शालिकराम दिवस उजाडायच्या आधीच बाहेर पडायचा आणि सडकेच्या मैलाच्या दगडावर जाऊन बसायचा. समोरून टोळीची माणसं जायची. कोणी रामराम घालत नव्हतं.

दुर्गच्या डॉक्टरनं सांगितलं, पाय राहील, पण उपचार लांबेल आणि पोरगा लंगडेल. पुन्हा खड्ड्यात उतरणं नाही. सोयरीकवाल्यांचा निरोप आला, बघू पुढं. भैयालाल खाटेवर पडून छताकडे बघत राहायचा. आता प्रश्न एकच होता. पोरगा कंपनीचा माणूस ठरला तर कंपनी त्याला बघणार, बसून करायचं काम देणार. नाही ठरला तर एका सालदाराच्या घरी लंगडा साळा, झालं.

शालिकरामसकट सगळ्यांनी आशा सोडली होती, पण मैनाबाई सोडणारी नव्हती. मजुरांची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या सरकारी लेबर इन्स्पेक्टरची जीप जामुलच्या रस्त्यानं जाताना तिनं बघितली आणि डोक्यावरचं घमेलं घेऊन सरळ जीपच्या पुढ्यात बसकण मारली. ड्रायव्हर शिव्या द्यायला लागला. "चालव ना मंग माझ्यावरून!" ती म्हणाली. "दवाखान्यातबी विचारजो, मेलेली बाई कोनाची म्हनून!" मागून इन्स्पेक्टर उतरला. देवराव नाव, नागपूरकडचा, चष्मेवाला, बोलणं हळू. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "अक्तीच्या आदल्या दिवशी येतो. सगळ्यांना हजर ठेवा."

त्या दिवसाआधी मुनशी स्वतः चालत शालिकरामकडे आला. मैलाच्या दगडावर त्याच्या शेजारी बसला, बिडी पुढं केली. "सेक्टरात क्वार्टर बांधायचं काम निघालं आहे. मोठं काम. तेरेको दिलवाता हूं. बस, इन्स्पेक्टरपुढं एवढंच म्हण, मी ठेकेदार, माणसं माझी. साळ्याला मी पण काही देईन, आपल्या खिशातून. और नहीं बोला, तो सोच ले. मजूर भी नहीं, ठेकेदार भी नहीं. कुठं जाशील?"

शालिकरामनं बिडी घेतली, पण पेटवली नाही. ती त्याच्या मुठीत मोडली.

टिनाच्या शेडखाली टेबल मांडलं. देवराव खुर्चीवर, शेजारी मुनशी. टोळी जमिनीवर बसली. भैयालालला खाटेसकट आणलं होतं, उशाला मनकर्णा. शालिकरामला कुठं बसावं कळेना. मुनशीनं एक स्टूल पुढं सरकवलं. तो बसला नाही, उभाच राहिला.

"फावडे कोणाचे?" देवरावनं विचारलं.

"कंपनीचे जी."

"यायची-जायची वेळ?"

"भोंग्यावर."

"खणायचं कसं, हे कोण सांगतं?"

"सुपरवायझर सांगते, मंग मी सांगतो."

मुनशीला राहवेना. "साहेब, फावडा-घमेला तो मामुली बात है. असली बात पूछिए. माणसं आणली कोणी? यानं. काढतो कोण? मालक तोच जो माणूस काढू शकतो. मागच्या महिन्यात त्या फकिराला यानंच काढला. सगळ्यांनी बघितलं. विचारा त्याला."

बोलून मुनशी मागं टेकला आणि शालिकरामकडे बघून किंचित हसला. त्याला माणसाची पारख होती. हा छत्रीवाला सगळ्यांदेखत आपलं नाक कापून घेणार नाही, हे त्यानं ओळखलं होतं.

देवरावनं फकिराला उभं केलं. "तुम्हाला यांनी कामावरून काढलं होतं?"

फकिरा हात जोडून उभा राहिला. खोटं त्याला येत नव्हतं. "हो जी, काहाडलं होतं. पन साहेब, राग होता तो. दुसऱ्या दिवशी त्यानंच बोलावून घेतलं. मनाचा चांगला आहे जी शालिक. त्याले काई करू नोका."

म्हाताऱ्यानं त्याला वाचवायला म्हणून सांगितलं, आणि प्रत्येक शब्द मुनशीच्या पदरात पडत होता. काढणारा शालिकराम, बोलावणारा शालिकराम, म्हणजे मालक शालिकराम. देवराव लिहायला लागला. मनकर्णेनं भावाच्या कपाळावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच, इतक्या दिवसांनी, नवऱ्याकडे सरळ बघितलं.

"थांबा जी," शालिकराम म्हणाला.

आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"मी नाई बोलावलं त्याले."

"मग कोणी?"

"मुनशीजीनं. मले दारात उभं केलं, पोऱ्यासमोर. म्हने, तू कोन बे काहाडनारा? मले विचारलं होतं का? माझं चाललं असतं तं मी नसतंच बोलावलं त्या दिवशी, इतका राग होता मले. बोलावलं यायनं आन सांगतलं, ठेकेदारानं बोलावलं म्हनून." त्यानं एकदा खाटेकडे बघितलं. "दादानं मले टेंभरं आनून देल्ले. मी खाल्ले. बोललो नाई. माझ्या हाती काईच नव्हतं साहेब. कोनाले ठेवाचं नाई, कोनाले काहाडाचं नाई. जामुलले जातो म्हटलं तं झोपड्या उचल म्हने. कड सरळ तासाले सुपरवायझरनं सांगतलं. दादानं नाई म्हटलं होतं. मी वरतून वरडलो, मी ठेकेदार आहे म्हनून. मी ठेकेदार नव्हतो. मी नौकर होतो जी. माझा बाप होता तसाच."

शालिकरामनं फकिराकडे बघायचं टाळलं, पण म्हातारा हळूच खाली बसला ते त्याला दिसलंच.

देवरावनं चष्मा काढून मुनशीला विचारलं, "तुम्ही बोलावलंत?"

"अब साहेब, आदमी कम पड रहे थे..."

"बोलावलं की नाही?"

"बोलावलं."

"मग माणूस तुमचा." देवरावनं खाटेकडे बोट केलं. "हाही तुमचा. आणि हे बसलेत ते सगळे."

मैनाबाई मोठ्यानं रडायला लागली. मनकर्णा रडली नाही. तिनं भावाच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. देवराव एकेक नाव विचारून लिहीत गेला. शेवटी शालिकरामपाशी आला आणि थांबला.

"तुम्ही यांच्या मजुरीवर आडत घेत होता?"

"घेत होतो जी."

"सही केली होती?"

"केली होती."

"माझ्या मते तुम्हीही नोकरच. पण आडत आडवी येते. तुमचं प्रकरण वेगळं वर पाठवावं लागेल. काय होईल, आज सांगता येत नाही. वाईट वाटतं."

"वाईट कायले वाटाचं जी," शालिकराम म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी मनकर्णेनं ताट वाढलं आणि म्हणाली, "जेवा." इतक्या दिवसांनी आलेला तो शब्द ऐकून त्यानं ताट जवळ ओढलं. ती समोर बसून राहिली. मग म्हणाली, "बरं केलं तुमी." आणि जरा वेळानं, "मी उद्यापासून भैयाजवळ राहाले जातो दवाखान्यात. त्याले उठवाले-बसवाले मानूस लागते." त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी अक्ती. गावाकडे या वेळी ओसऱ्या सारवून झाल्या असतील, सालदार धुतलेली धोतरं नेसून मालकांच्या दारी बसले असतील. भैयालालला कंपनीच्या दवाखान्यात न्यायला ट्रक आला. शालिकरामनं छत्री त्याच्या हातात दिली. "टेकाले होईन. पुढं उठून चालशील तवा."

"आन तुमाले, भाऊजी? ऊन्ह किती आहे."

"मले कायचं ऊन्ह."

ट्रक धूळ उडवत गेला. मनकर्णा मागच्या फळीला धरून बसली होती. वळणापर्यंत दिसत राहिली.

गोदामापुढं टोळी ओळीनं उभी होती. नावं पुकारली जात होती आणि एकेकाला फावडा मिळत होता. शालिकराम ओळीच्या शेवटी जाऊन उभा राहिला. सवयीनंच. नावं संपली. गोदामवाल्यानं त्याच्याकडे बघितलं, दाराला कुलूप लावलं आणि निघून गेला.

टोळी खड्ड्याकडे निघाली. आता कडेला उतार ठेवायचं ठरलं होतं. सगळे पुढं गेले आणि फकिरा मागं राहिला. फावडा खांद्यावरून उतरवून त्यानं दांड्यावर दोन्ही हात ठेवले. शालिकरामला वाटलं, आता शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"भैयाचं काम झालं, बेस झालं," फकिरा म्हणाला. "सगळ्यायचं झालं. मैना म्हने, शालिकभाऊनं नाक कापून घेतलं आपल्यासाठी. खरंच आहे ते."

"दादा..."

"आयक ना. मले काहाडलं त्याचं काई नाई. पन ते टेंभरं मी अर्ध्या कोसावरून आनले होते गा. मैना नाई गेल्ती, मी गेल्तो, बोलावनं आलं तवा, खड्ड्यात उतराच्या आंधी. म्हटलं, शालिकनं बोलावलं." म्हाताऱ्याचे डोळे कोरडे होते. "तूच बोलावलं असतं तं लय बरं झालं असतं."

त्यानं फावडा खांद्यावर घेतला आणि तो निघाला. शालिकराम तिथंच उभा राहिला. डोक्यावर ऊन चढत होतं. तेवढ्यात भोंगा झाला, आणि त्याचे पाय आपोआप दोन पावलं पुढं गेले. मग त्याला आठवलं, आणि तो थांबला.